इटलीतल्या त्रेंतोत नवीन आलात? सायकल घ्या आणि वाऱ्याच्या वेळा शिकून घ्या

दर सप्टेंबरला त्रेंतोत चार-दोन नवीन मराठी चेहरे दिसतात. बहुतेक जण विद्यापीठात आलेले, कुणी नोकरीवर, एखादी नवऱ्यामागून आलेली. सगळ्यांचे पहिले प्रश्न ठरलेले: खोली कुठे मिळेल, राहण्याच्या परमिटसाठी पोस्टात कधी जायचं, कढीपत्ता कुठे मिळतो. ते सगळं मी सांगतेच. पण त्याच्या जोडीला एक गोष्ट मी आग्रहाने सांगते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती आणि माझं पहिलं वर्ष खोली, लॅब आणि सुपरमार्केट एवढ्यातच संपलं. पहिल्या महिन्यात सायकल घ्या. जुनी चालेल, पण घ्याच.

इथे गाडीच्या रस्त्यावर सायकल चालवायची गरज जवळजवळ पडत नाही. आदिजे नदीच्या काठाने गाड्यांपासून पूर्ण वेगळा, डांबरी सायकलमार्ग आहे. उत्तरेला बोल्झानो साठ-पासष्ट किलोमीटर, दक्षिणेला रोवेरेतो पंचवीसेक किलोमीटर, आणि तिथून पुढे बोर्गेत्तोपर्यंत म्हणजे आपल्या त्रेंतिनो प्रांताच्या हद्दीपर्यंत तो जातो. व्हेरोनापर्यंत जाणारेही खूप आहेत. आल्प्स म्हटलं की नवीन माणसाला वाटतं, चढ झेपणार नाहीत. त्रेंतो समुद्रसपाटीपासून १९० मीटरच्या आसपास, बोल्झानो २६०च्या. साठ किलोमीटरमध्ये सत्तर मीटर चढ! दोन्ही बाजूंना दोन-दोन हजार मीटरचे डोंगर उभे आणि तुम्ही मधून ताटासारख्या सपाट रस्त्याने चाललेले.

मार्ग इतका सरळ का, हे मला आधी कळायचं नाही. ही नदी पूर्वी दरीभर वळणं घेत, दलदल करत वाहायची. एकोणिसाव्या शतकात, इथे ऑस्ट्रियाचं राज्य असताना, तिला सरळ करून दोन्ही बाजूंनी बांध घातले. जुन्या त्रेंतोला लागून जाणारं तिचं वळणही तेव्हाच तोडलं. आपण सायकल चालवतो ती बरीचशी याच बांधांवरून. म्हणूनच पुलांखालचे बोगदे आणि उतार पावसाळी दिवसांत जपून घ्या. नदी चढली की ते बंद करतात, आणि बंद म्हणजे बंद. नोव्हेंबर १९६६ मध्ये याच नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, तेव्हापासून इथली माणसं तिला गृहीत धरत नाहीत.

आता वारा. नकाशा नंतर पाहिलात तरी चालेल, हे आधी समजून घ्या.

रात्री डोंगरावरची हवा थंड होऊन दरीत उतरते आणि नदीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे वाहते. त्यामुळे सकाळचा वारा उत्तरेकडून येतो. ऊन चढलं की दरी तापते, खालच्या मैदानातली हवा वर ओढली जाते आणि दुपारी वारा उलटतो, दक्षिणेकडून उत्तरेकडे. उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी हे जवळजवळ घड्याळासारखं चालतं. माझ्या पहिल्या जूनमध्ये मी सायकल घेऊन ट्रेनने बोल्झानोला गेले, आरामात जेवले आणि एक वाजता त्रेंतोकडे निघाले. वाटलं, नदी खाली वाहते म्हणजे आपल्यालाही सोपंच जाणार. एग्नाच्या पुढे वारा असा तोंडावर आला की उतारावरही पायडल मारावं लागत होतं. सफरचंदाच्या बागांवरच्या जाळ्या फडफडत होत्या, पाणी संपलं होतं, आणि मी दर दोन किलोमीटरला थांबत होते. शेवटी सान मिकेलेला ट्रेन धरली. चूक फक्त वेळेची होती. तोच रस्ता सकाळी सातला निघून मी नंतर कितीदा तरी मजेत केला आहे.

त्रेंतोहून निघणाऱ्यासाठी म्हणूनच सोपा हिशोब असा: सकाळी दक्षिणेकडे, रोवेरेतोच्या बाजूला जा. वारा पाठीवर. तिथे जेवा, गाव पाहा, आणि दुपारी परत फिरा. वारा पुन्हा पाठीवर. जाताना मदत, येतानाही मदत, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. उत्तरेकडे मात्र सकाळी ट्रेनने बोल्झानो गाठून दुपारच्या आत सायकलने परता.

दोन अपवाद लक्षात ठेवा. गार्दा तलावावरून येणारा दुपारचा वारा, ज्याला इथे ‘ओरा’ म्हणतात, तो तलावांच्या दरीतून वर चढून तेर्लागोजवळच्या खिंडीवरून त्रेंतोच्या उत्तरेला आपल्या दरीत कोसळतो. लाव्हिसच्या आसपास तो एकदम आडवा बसतो, तेव्हा हँडल घट्ट धरा. दुसरा, फ्यॉन. हिवाळ्यात आणि वसंतात काही दिवस आकाश लखलखीत निळं आणि हवा अचानक उबदार असते, पण दिवसभर उत्तरेचा जोरदार वारा सुटलेला असतो. त्या दिवशी दुपारी वारा उलटायची वाट पाहू नका, तो उलटत नाही.

दक्षिणेकडच्या वाटेवर नोमी गावाशी सायकलवाल्यांसाठीचं ‘बिचिग्रिल’ आहे. कॉफी, सँडविच, हवा भरायला पंप, सगळं मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथवर जाऊन परत यावं, एवढं पुरे. महिन्याभराने हिंमत आली की रोवेरेतोच्या पुढे मोरीला वळा आणि गार्दा तलाव गाठा. मध्ये लोप्पिओ लागतं. इथे पूर्वी तलाव होता. आदिजेच्या पुराचं पाणी गार्दात सोडायला डोंगरातून बोगदा खणला, १९३९ ते १९५९ या काळात, आणि त्या कामात तलावाचं पाणी निघून गेलं. आता तिथे पाणथळ गवत आणि पक्षी. त्यानंतर सान जोव्हान्नी खिंड, उंची २८७ मीटर, आणि मग नागोच्या वळणावर निळा गार्दा एकदम समोर येतो. तोर्बोलेला उतरताना उतार तीव्र आहे, ब्रेक आधी तपासा. आणि तोच चढ परत चढायचा आहे, हे लक्षात ठेवून जेवा.

उत्तरेकडची बाजू मला जास्त जवळची, कारण मी निफाडची. लाव्हिसपासून पुढे द्राक्षबागा आणि सफरचंदाच्या बागा मार्गाला अगदी खेटून आहेत. सान मिकेलेला १८७४ पासूनची शेतीशाळा आहे, तिच्या बागा पाहताना माझा पाय आपोआप थांबतो. एप्रिलमध्ये सफरचंद फुलावर असतं आणि नेमकी तेव्हाच एखाद्या रात्री थंडी शून्याखाली जाते. मग शेतकरी रात्रभर तुषार सिंचन चालू ठेवतात. पाणी फुलावर गोठतं, आणि गोठताना जी ऊब बाहेर पडते तिच्यावर आतलं फूल वाचतं. सकाळी सहाला तिथून जा. प्रत्येक पाकळी काचेत बसवल्यासारखी, फांद्यांना बर्फाच्या सुया, ऊन लागलं की सगळीकडे बारीक कडकड आवाज आणि थेंबांची टपटप. आमच्याकडे पारा खाली गेला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून वडील बागेत शेकोट्या पेटवायचे, पहाटे धुरात डोळे चोळत मीही असायचे. इथला शेतकरी बर्फाने तेच करतो. त्या सकाळी मला हे गाव परकं वाटेनासं झालं. फक्त त्या दिवसांत मार्गावरही पाणी उडून गोठतं, बागेजवळ हळू चला.

बागांमध्ये फवारणीचा ब्लोअर चालू दिसला तर थांबा, ट्रॅक्टर जाऊ द्या, फवारा अंगावर घेऊ नका. आणि फळाला हात लावायचा नाही, खाली पडलेल्यालाही नाही.

सालोर्नोला दरी अरुंद होते आणि भाषा बदलते, इटालियनची जर्मन होते. त्याच्या अलीकडे ‘चाओ’ नाहीतर ‘साल्वे’, पलीकडे ‘हालो’. गावांच्या पाट्या दोन भाषांत, तेव्हा ओरा (हा वारा नव्हे, गाव) आणि आउअर हे एकच स्टेशन आहे हे माहीत असू द्या. नाहीतर उतरायचं राहून जातं.

नियम थोडे आहेत, पण पाळा. सायकलला घंटी कायद्याने लागते. दिवे पुढे आणि मागे. अंधार पडल्यावर गावाबाहेर आणि बोगद्यांत चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला. मार्ग पायी चालणाऱ्यांचाही आहे, कुत्री, लहान मुलं, स्केटिंगवाले सगळे असतात, म्हणून उजवीकडून चला आणि कुणाच्या पुढे जायच्या आधी घंटी द्या. सत्तरीतले आजोबा सायकलवरून सहज पुढे निघून गेले तर वाईट वाटून घेऊ नका. लाव्हिसच्या वरच्या डोंगरातलं पालू दी जोव्हो हे सायकलपटू फ्रान्चेस्को मोझेरचं गाव. त्याने १९८४ मध्ये एका तासात ५१.१५१ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला होता. इथे सायकल घराघरात आहे.

पाण्याची बाटली एकच पुरते, गावोगावी नळ आहेत. ‘नॉन पोताबिले’, म्हणजे पिण्याजोगं नाही, असं लिहिलेलं पाणी तेवढं पिऊ नका. ट्रेनमध्ये सायकलचं वेगळं तिकीट काढा आणि प्रादेशिक गाडीच धरा. डब्यावर सायकलचं चित्र असतं. अपघात झाला तर ११२. स्टेशनपाशी सायकल ठेवायची असेल तर कुलपावर पैसे वाचवू नका, हे मी एक सायकल गमावून शिकले. टायर जरा रुंद घ्या, आणि एक जादा ट्यूब जवळ ठेवा.

पुढच्या वर्षी वालसुगाना करा, काल्दोनात्सोहून ब्रेंता नदीबरोबर बस्सानोपर्यंत ऐंशी किलोमीटर, बहुतेक उतारच. किंवा ट्रेनने माल्लेसला जाऊन मेरानोपर्यंत साठ किलोमीटर खाली या. लहान मुलं असतील तर हाच मार्ग आधी निवडा.

आणि सुरुवात एकट्याने करायची नसेल तर या. एप्रिल ते ऑक्टोबर, पाऊस नसेल त्या रविवारी, आम्ही पाच-सहा जण सकाळी साडेसातला सान लोरेन्झो पुलाशी जमतो. नोमीपर्यंत जातो, कुणालाही मागे सोडत नाही. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी आदल्या दिवशी सांगा, आमच्याकडे दोन जादा आहेत, त्यातली एक उंच माणसाला बरोबर बसते. थालीपिठं मी आणते.