कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकतेय? आधी हे करून बघा

भावांनो, गेममध्ये हात न लावता प्लेअर एकाच बाजूला चालत सुटतो, हा त्रास लई जणांना आहे. आमच्या धाकट्याच्या पीएस फोरच्या (प्लेस्टेशन ४) कंट्रोलरला पण हेच झालेलं, आणि पावसाळ्यात कोल्हापुरात जी ओल असते त्यात तर जास्तच. नवीन घ्यायच्या आधी एवढं करा.

१. कन्सोल बंद करा. कंट्रोलरच्या मागं एल२ बटनाजवळ रीसेटचं एक बारीक छिद्र असतं, त्यात सिमकार्डची पिन घालून ५ सेकंद दाबून धरा, मग यूएसबी केबल लावून मधलं पीएस बटन दाबा. केबल डेटावाली पायजे, नुसती चार्जिंगची चालत नाही, आमचा अर्धा तास त्यातच गेला.

२. तरी सरकतेय तर कंट्रोलर बंद करून केबल काढा. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा (मोबाईल रिपेअरवाले आयपीए म्हणतात, कोल्हापुरात असाल तर लक्ष्मीपुरीत विचारा), बड नुसता ओलसर हवा, थेंब गळायला नको. स्टिक एका बाजूला वाकवून खालच्या गोल भागावर फिरवा, मग दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी स्टिक २०-२५ वेळा गोल गोल फिरवा. आमच्या बडवर काळपट चिकट थर आला होता, चिरमुऱ्याच्या हातानं खेळल्यावर दुसरं काय होणार.

३. अर्धा तास वाळू दे, मगच चालू करा.

थोडंसं राहिलंच तर गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन (म्हणजे स्टिक जेवढी हलली तरी गेम लक्ष देत नाही तेवढी जागा) जरासा वाढवा.

फक्त सेंट, सॅनिटायझर किंवा खोबरेल तेल आत घालू नका, आणि वॉरंटी असेल तर स्क्रू अजिबात खोलू नका.