'उन्हाळी लागली' म्हणण्याआधी लघवी नीट बघा

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वावरातून आल्यावर लघवी गर्द झाली, जळजळली, की आपल्याकडे 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि धन्या-जिऱ्याचं पाणी देतात. बहुतेक वेळा अंगात पाणीच कमी पडलेलं असतं. पण प्रत्येक वेळी नाही, आणि हा फरक बराचसा घरीच ओळखता येतो.

दोन्ही मूत्रपिंडांत मिळून सुमारे 20 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या दिवसभरात रक्तातून 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि जवळजवळ सगळा परत रक्तात सोडतात. लघवी बनते ती दीड-दोन लिटर. घाम फार गेला की मेंदूतून सुटणारं संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला लावतं. पिवळं रंगद्रव्य तेवढंच, पाणी मात्र कमी, म्हणून रंग गडद.

सकाळची पहिली लघवी गर्द असतेच, तिच्यावरून काही ठरवू नका. दुपारची आणि संध्याकाळची पारदर्शक ग्लासात धरून उजेडात बघा. फिकट पिवळी असेल तर ठीक. गर्द असेल तर सावलीत बसा, घोट-घोट पाणी प्या. घाम खूप गेला असेल तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात कालवा; ग्लासभर पाण्यात अंदाजानं टाकलं तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. काही तासांत रंग उतरायला हवा. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर दवाखाना गाठा. अशा वेळी अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅकसारखी गोळी अजिबात घेऊ नका: पाणी आटलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांनी रंगावर विसंबूच नये. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे हे रुग्ण बरेच आहेत. त्यांचं मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे शरीर कोरडं पडलं तरी लघवी फिकटच दिसते. त्यांनी तहानेची वाट न बघता ठरावीक वेळानं पाणी प्यावं.

कापूस वेचणीला जाणाऱ्या बाया आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. मूत्राशयात जंतू वाढायला एवढं पुरतं. जळजळीसोबत सारखं-सारखं जावं लागणं, ताप, कमरेच्या वर बाजूला दुखणं असेल तर ती उन्हाळी नव्हे, संसर्ग आहे; धन्याच्या पाण्यानं तो जात नाही. गरोदर बाईनं तर एक दिवसही थांबू नये.

रोज टिकून राहणारा दाट फेस प्रथिनं जात असल्याची खूण असू शकते. डोळे पिवळे आणि लघवी हळदीसारखी गडद, तर कावीळ तपासा. टीबीच्या रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते, बीटानं लालसर. त्यात घाबरण्यासारखं नाही. बाकी लाल किंवा चहाच्या रंगाची लघवी लगेच दाखवायची.

नमुना देताना जागा पाण्यानं धुवा, सुरुवातीची धार सोडा, मधली बाटलीत घ्या, तासाभरात प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवा. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली वापरू नका, उरलेल्या पाकामुळे नसलेली साखर दिसते. पाळी सुरू असेल तर आधीच सांगा.

घोणस चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेताना शेवटची लघवी केव्हा झाली, किती आणि कोणत्या रंगाची, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते विष मूत्रपिंडावरही जातं.