लोडर धपकन पडतो, लिफ्ट हिसके देते? छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये या चुका टाळा

बकेट जमिनीपासून चार बोटं वर थांबवायची असते आणि ती धपकन आपटते. रोटाव्हेटर अलगद टेकवायचा असतो आणि तो दणका देऊन खाली येतो. छोटा ट्रॅक्टर वजनाने हलका, त्यामुळे असा प्रत्येक हिसका थेट सीटपर्यंत पोहोचतो. यावर उपाय आहेत आणि बरेचसे फुकटचे आहेत. पण बहुतेकांचा पहिला पाना नेमका चुकीच्या जागी लागतो.

रिलीफ वॉल्व्ह सैल करणे

प्रेशर ठरलेल्या हद्दीपुढे गेलं की ऑइल टाकीत सोडून देणारा हा वॉल्व्ह. वेग कमी व्हावा म्हणून तो सैल करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ऑइलचं प्रेशर किती वजन उचलायचं ते ठरवतं, वेग ठरतो तो मिनिटाला किती लिटर ऑइल जातं यावर. रिलीफ सैल केला तरी रिकामी बकेट पूर्वीच्याच वेगाने हलते. भरलेली मात्र उचलत नाही, आणि रिलीफवरून वाहणारं ऑइल तापत राहतं. कंपनीने ठेवलेली सेटिंग तशीच राहू द्या.

रेस पूर्ण ठेवून बारीक काम करणे

छोट्या ट्रॅक्टरवर बहुधा गिअर पंप असतो आणि तो इंजिनाच्या फेऱ्यांच्या प्रमाणात ऑइल देतो. समजा 2400 आरपीएमला पंप मिनिटाला 30 लिटर देतो. लोडरचे दोन सिलिंडर 50 मिमी बोअरचे (आतला व्यास) आणि 40 सेंमी स्ट्रोकचे (दांडा सरकण्याची लांबी) असतील, तर ते पूर्ण उघडायला साधारण 1.6 लिटर ऑइल लागतं. म्हणजे जेमतेम तीन सेकंद. रेस 1200 वर आणली की त्याच कामाला सहा सेकंद लागतात. पॅलेट उचलताना किंवा भिंतीजवळ काम करताना एवढंसुद्धा पुरतं.

पण रेस कमी केली तरी लिफ्ट खाली तशीच पडते, आणि इथेच लोक गोंधळतात. वर जाताना ऑइल पंप ढकलतो. खाली येताना ते अवजाराचं वजन ढकलतं, पंपाचा तिथे संबंध नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी एकच प्रश्न विचारा: या हालचालीत ऑइल कोण ढकलतंय?

सीटखालचा नॉब विसरणे

मागच्या लिफ्टसाठी बहुतेक ट्रॅक्टरवर सीटच्या पुढे-खाली एक नॉब असतो. तो आवळत गेलं की लिफ्ट सावकाश उतरते, पूर्ण बंद केला की वरच अडकते. ‘लिफ्ट जाम झाली’ म्हणून उघडायला निघालेल्या कितीतरी लिफ्ट नुसत्या या नॉबने बंद असतात. रोटाव्हेटरसाठी तो बराच आवळा, कारण फिरती पाती जोरात जमिनीवर आदळली की दणका शाफ्ट आणि गिअरबॉक्स खातात.

लिफ्ट आपोआप वर-खाली नाचत असेल तर ड्राफ्ट कंट्रोलचा, म्हणजे अवजारावरच्या ओढीनुसार लिफ्ट आपोआप वर-खाली करणारा, लिव्हर बघा. नांगराखेरीज बहुतेक कामांना पोझिशन कंट्रोलच वापरायचा; तो अवजार लिव्हरने ठरवलेल्या उंचीवर धरतो.

फ्लो कंट्रोल उलटा किंवा भलत्या जागी बसवणे

लोडरसाठी वन-वे फ्लो कंट्रोल घ्या: एका दिशेने ऑइल मोकळं, दुसऱ्या दिशेने आवळलेलं. लोडर उतरताना ऑइल सिलिंडरच्या बुडाकडून बाहेर पडतं, म्हणून तो त्या लाइनवर बसवा. आत जाताना मोकळा, बाहेर येताना आवळलेला. उलटा बसला तर लोडर वर जाताना रेंगाळतो आणि पडतो पूर्वीसारखाच. साधा नीडल वॉल्व्ह लावलात तर दोन्ही बाजू मंद होतात. पंपाच्या मुख्य लाइनवर तर तो कधीच लावू नका. तिथे आवळला की ऑइल रिलीफवरून जातं आणि उकळायला लागतं.

बकेट ओतताना मध्येच थांबून मग पुढे जात असेल, तर त्याचं कारणही वजनच. ते सिलिंडरचा दांडा इतक्या वेगाने ओढतं की मागे भरायला पंपाचं ऑइल पुरत नाही आणि पोकळी होते. तिथे आवळायचं ते दांड्याकडून बाहेर येणारं ऑइल. मात्र त्या बाजूला प्रेशर पंपापेक्षाही वर चढू शकतं, म्हणून होज आणि वॉल्व्ह तेवढ्या ताकदीचे हवेत.

हिसक्यांवर वॉल्व्हने इलाज करणे

वेग जास्त असणं वेगळं, हिसके बसणं वेगळं. हिसक्यांसाठी आधी पिनांना ग्रीस द्या आणि लिव्हरच्या जोडांमधली ढिलाई काढा; लिव्हर दोन बोटं हलून मग एकदम पकडत असेल तर हात कितीही हलका असून उपयोग नाही. मग ऑइलची पातळी बघा, लोडर आणि लिफ्ट खाली ठेवून. फेस दिसला तर हवा शिरतेय. सक्शनकडची, म्हणजे पंप ऑइल ओढतो त्या बाजूची, खराब ओ-रिंग (रबरी सील) बाहेर थेंबही गळू देत नाही, पण हवा ओढत राहते. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बदलाच. थंडीत घट्ट ऑइलवरही पंप कण्हतो. कमी रेसवर काही मिनिटं चालू द्या.

लाइन उघडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर सगळ्या बाजूंना हलवून प्रेशर सोडा. गळती हाताने कधीच चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. सुईएवढ्या छिद्रातलं ऑइल कातडी फोडून आत जातं. तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

फ्लो कंट्रोलची सेटिंग ऑइल गरम झाल्यावर, बकेट भरून करा. पाव फेरा आवळा, लोडर दोनदा वर-खाली करून बघा, मग पुढचा पाव फेरा. मनासारखा वेग आला की लॉक नट घट्ट करा.