घोड्याचा खर्च महिन्यावर नाही, दिवसावर काढा

घोडा पाळणाऱ्यांचं बजेट बहुतेक वेळा चाऱ्यात नाही, मधूनच येणाऱ्या खर्चात कोलमडतं. नालबंद आला, लस आली, जंताचं औषध आलं की त्या महिन्यात बोंब. मी आता असं करतो:

१. आधी चारा वजनावर मोजा, पेंढ्यांवर नाही. साधा लटकवायचा वजनकाटा घ्या, पेंढी अडकवा, आकडा लिहा. दिसायला सारख्या दोन पेंढ्या उचलल्या की हातालाच फरक कळतो, आणि आपण पैसे मात्र दोन्हींचे सारखेच मोजलेले असतात. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के सुका चारा लागतो, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ९ किलो, महिन्याला २७० किलो, आता दुकानदाराशी किलोच्या भावातच बोला.

२. खुरांचं काम दर ६ ते ८ आठवड्यांनी येतंच, म्हणजे वर्षात ७ ते ९ वेळा. त्यात लस, दात, जंताची तपासणी-औषध, खोगीर-लगामाची दुरुस्ती धरा, सगळ्याची बेरीज भागिले ३६५.

३. तेवढे पैसे रोज, नाहीतर आठवड्याला एकदम, वेगळ्या खात्यात टाका. डॉक्टरच्या इमर्जन्सीचे पैसे याच्याहून वेगळे ठेवा, त्यांना हात लावायचा नाही.

फक्त एक सांभाळा, स्वस्त चारा मिळाला म्हणून एका दिवसात बदलू नका, ७ ते १० दिवसांत थोडा थोडा मिसळत बदला, नाहीतर पोटशूळ उठू शकतो आणि तो जिवावर बेततो.