नवा पीसी तापतोय आणि हँगही होतोय: सुरुवात कुठून करावी

सुटे भाग आणून स्वतः जोडलेला कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू होतो, तेव्हाचा आनंद साधारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकतो. मग कधीतरी चालता चालता स्क्रीन जागच्या जागी थिजते, माऊस हलेनासा होतो. रीस्टार्ट करून बघावं तर प्रोसेसरचं तापमान ८८ अंश. दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या की आपण लगेच त्यांची गाठ मारतो: तापतोय, म्हणून हँग होतोय.

माझ्या पहिल्या पीसीच्या वेळी मीही हेच केलं. तीन दिवसांत दोनदा कूलर उतरवला, दोनदा प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. तापमान चार अंशांनी उतरलं, हँग व्हायचं ते होतच राहिलं. दोष निघाला रॅमच्या सेटिंगमध्ये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आजचे प्रोसेसर स्वतःची काळजी स्वतः घेतात. तापमान मर्यादेला टेकलं की ते आपला वेग कमी करतात, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान चढत राहिलं तर मशीन सरळ बंद पडतं. म्हणजे उष्णतेमुळे पीसी मंदावेल किंवा धाडकन बंद होईल. पण स्क्रीनवरचं चित्र तसंच ठेवून थिजणं हे बहुतेक वेळा वेगळंच दुखणं असतं. म्हणून ही दोन दुखणी आधी वेगळी करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शेजारी वही ठेवा. काय बदललं, किती वाजता, पुढे काय झालं, एवढं लिहिलं तरी पुरे.

पायरी १: तो नेमका कसा थांबतो, ते बघा

पुढच्या वेळी हँग झाला की लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे का? लागत असेल तर मशीन आतून जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळी होऊन चित्र परत आलं, तर संशय ग्राफिक्स कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर.

कॅप्स लॉकचा दिवाही मेला असेल आणि स्पीकरमधून एकच सूर घर्रर्र करत अडकला असेल, तर सगळं मशीन थिजलंय. तिथे रॅम, प्रोसेसरचं व्होल्टेज किंवा बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारं, मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) यांच्याकडे बघायचं. माऊस फिरतोय, पण एकही खिडकी उघडत नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, असं असेल तर संशय एसएसडीवर, म्हणजे साठवणुकीच्या डिस्कवर. आणि गेम ऐन रंगात असताना दिवा गेल्यासारखा पीसी बंद पडत असेल, तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किंवा खरोखरची उष्णता.

पुन्हा सुरू झाल्यावर स्टार्ट मेनूतून इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिम विभागात ती वेळ शोधा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसेल आणि तुम्ही ती बघून घाबराल. तिचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते आपल्याला माहीतच आहे. कामाची नोंद असते ती ‘व्हिया-लॉगर’ची (WHEA-Logger). ती सापडली तर हार्डवेअरने स्वतःच चूक कबूल केली असं समजा.

पायरी २: तापमान किती, यापेक्षा ते कसं चढतं ते मोजा

एचडब्ल्यू-इन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातली फक्त सेन्सरची खिडकी उघडा. काहीच काम नसताना प्रोसेसर ३५ ते ५० अंशांत असला तर ठीक. मग सिनेबेंचसारखी, प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी दहा मिनिटं चालवा.

इथे एक खुलासा हवा, कारण यावरून फुकटची झोप उडते. एएमडी कंपनीच्या रायझेन ७००० मालिकेतले बरेचसे प्रोसेसर पूर्ण ताणावर ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे राहावेत, अशाच बेताने बनवलेले आहेत. त्यांच्यातल्या एक्स-३-डी प्रकारांची मर्यादा ८९ आहे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत ती १०० आहे. त्यामुळे आपल्या प्रोसेसरची मर्यादा कंपनीच्या पानावर बघा आणि मगच ‘तापतोय’ म्हणा. साधं ब्राउझर उघडल्यावर ९० दिसत असेल तर मात्र गडबड आहेच.

आता चढण बघा. चाचणी सुरू होताच दोन-तीन सेकंदांत आकडा मर्यादेला भिडला, किंवा नुसत्या बायोसच्या स्क्रीनवरच ८० दाखवतोय, तर प्रोसेसर आणि कूलर यांची गाठच पडलेली नाही. उलट, सुरुवातीला ७० आणि मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू ८५-९० होत असेल, तर कूलर ठीक आहे; कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाहीये. खात्री करायची तर कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून तीच चाचणी पुन्हा चालवा. पाच-सात अंशांचा फरक पडला की निकाल लागला.

पायरी ३: कूलर उतरवायचा असेल तर

एसएमपीएसचं मागचं बटण बंद, वायर काढलेली, मग पॉवर बटण दोनदा दाबून उरलीसुरली वीज उतरवलेली. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज तिथे जाईल.

एएमडीच्या जुन्या एएम-४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायची जागा) एक घात होतो. थंड पडलेली पेस्ट घट्ट धरते आणि कूलर वर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो, पिना वाकतात. म्हणून पीसी आधी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करा, आणि कूलर ओढण्याऐवजी हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा.

कूलरच्या तळाकडे बघा. पारदर्शक पातळ फिल्म, ‘वापरण्यापूर्वी काढा’ असं लिहिलेली, अजून चिकटलेली आहे का? हसू नका, नव्या पीसीत हे नेहमी सापडतं. फिल्म नसेल तर पेस्टचा ठसा वाचा. ती सगळीकडे सारखी पातळ पसरलेली हवी. एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला कोरडी असेल तर कूलर तिरका बसला होता. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मध्यभागी वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवा, आणि स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला की दुसरी बाजू उचललीच म्हणून समजा.

कूलरच्या फॅनची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा. लिक्विड कूलर असेल तर पंपाला वेगळी जागा असते आणि बायोसमध्ये त्याचा वेग कायम पूर्ण ठेवावा. पंप बंद पडलाय का, ते नळ्या हाताला सांगतात: एक नळी चटका देणारी, दुसरी गार, आणि रेडिएटरही गार.

पायरी ४: हवा

पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. फॅनची दिशा ओळखायला सोपी खूण म्हणजे मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या ज्या बाजूला, तिकडे हवा जाते. शंका असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा धरून बघा. पुढची काच फॅनला अगदी चिकटून असलेली कॅबिनेटं दिसायला झकास असतात, पण हवेसाठी तिथे बोटभर फटच उरते. माझं स्पष्ट मत असं, की जाळीची कॅबिनेट घ्यावी आणि दिव्यांची हौस दुसरीकडे भागवावी.

एसएसडीवरची धातूची पट्टीही या वेळी उघडून बघा. तिच्या आतल्या मऊ पॅडलाही तशीच फिल्म असते आणि तीसुद्धा विसरली जाते.

पायरी ५: हँग होण्याचा खरा माग

इथे वेळ द्या. सगळ्यात आधी बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग, बंद करा. खोक्यावर छापलेला ६००० हा आकडा म्हणजे रॅमचा उपजत वेग नसतो. प्रोफाइल लावलं की रॅमच नव्हे, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलरही ओव्हरक्लॉक होतो, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने धावतो. प्रोसेसर आणि रॅमच्या सगळ्या जोड्यांना ते झेपतंच असं नाही. प्रोफाइल बंद केल्यावर डीडीआर-५ रॅम बहुधा ४८०० वर येते. वेग किंचित कमी होईल, पण दोन-तीन दिवस हँग न होता गेले तर चोर सापडला. सेटिंग बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर-५ची मशीनं काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवत बसतात. रॅमची जुळणी चाललेली असते. मध्येच बंद करू नका.

रॅमच्या दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. चार पट्ट्या लावायचा मोह टाळा. रायझेन ७००० साठी दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर उतरतो. दोन वेगवेगळी पाकिटं आणून एकत्र लावणं तर त्याहून वाईट, मॉडेल एकच असलं तरी.

प्रोफाइल बंद करूनही हँग होत असेल तर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट-८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाकून रात्रभर चालवा. यात ‘एखादीच चूक’ असा प्रकार नसतो. एक लाल ओळ दिसली तरी चाचणी नापास. मग एकेक पट्टी एकटी लावून दोषी कोणती ते काढा.

रॅम निर्दोष सुटली तर बायोस अद्ययावत करा. खरं तर नव्या मदरबोर्डवर हे पहिल्याच दिवशी करावं, कारण बोर्ड खोक्यात पडून असताना जग पुढे गेलेलं असतं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे अस्थिर होत होते. त्यावरचे दुरुस्त मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बायोसमार्फत आले. आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, पण अशा प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे. सेकंडहँड प्रोसेसर घेऊन पीसी बांधला असेल तर हे आधी तपासा. इंटेलच्या बोर्डावर ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ हा पर्यायही निवडा. अनेक बोर्ड विजेची मर्यादाच उठवून ठेवत आले आहेत, ती परत लावल्यावर उष्णता आणि हँग होणं दोन्ही एकाच जागी बरं झालेलंही पाहिलंय.

काम करताना ठीक आणि काही न करता नुसता चालू ठेवला की हँग, असं रायझेनच्या मशीनवर होत असेल, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ‘टिपिकल करंट आयडल’ करून बघा.

पायरी ६: एसएमपीएस

घरच्या घरी याची खरी परीक्षा एकच, दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं. मित्राचा मागून आणा, पण वायरींसकट आणा. सुट्या वायरींचा एसएमपीएस असेल तर एका कंपनीची वायर दुसऱ्याला लावायची नाही. टोक खाचेत तसंच बसतं, आतली पिनांची रचना मात्र वेगळी असते आणि डिस्क किंवा बोर्ड जळू शकतो. ग्राफिक्स कार्डाला दोन जोडण्या लागत असतील तर एकाच वायरीची दोन तोंडं न वापरता दोन स्वतंत्र वायरी ओढा. नव्या बारा पिनांच्या जोडणीत तर प्लग पूर्ण आत गेल्याचं डोळ्यांनी बघा. अर्धवट बसलेला प्लग वितळतो.

कॅबिनेटची बाजूची पट्टी परत लावायची घाई करू नका. पीसी दोन दिवसांतून एकदा हँग होत होता तर एक दिवस सुरळीत गेला याला काही अर्थ नाही, आठवडाभर तसाच उघडा चालू द्या. मग रॅमचं प्रोफाइल परत लावा, आणि पुन्हा हँग झाला तर खोक्यावरच्या आकड्यापेक्षा एक पायरी खालचा वेग ठेवा. माझा पीसी आजही ६००० च्या रॅमवर ५६०० ने चालतो.