दसऱ्याच्या आधी: माध्यमिक शाळेत समुपदेशन कसं चालवायचं

बहुतेक शाळांत समुपदेशन म्हणजे निरोप समारंभाच्या दिवशी बोलावलेला पाहुणा, हार-शाल आणि ‘दहावीनंतर काय?’ हे तासाभराचं भाषण. त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण तोवर खरे निर्णय होऊन गेलेले असतात. बापाने ऊसतोडीला जाण्यासाठी उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, मुलीला पाहून गेलेले असतात, दाखल्यावरचं नाव चुकलेलं असतं. मराठवाड्यात हे काम जूनला सुरू करावं लागतं आणि त्याचा सगळ्यात नाजूक टप्पा दसऱ्याच्या आधी येतो.

माणूस, जागा, तास

पूर्णवेळ समुपदेशक मिळेल याची वाट पाहू नका. एक शिक्षक आणि एक शिक्षिका नेमा. दहावीचं गणित किंवा इंग्रजी शिकवणारे शक्यतो नकोत, कारण गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यापुढे मूल मोकळं होत नाही. जागा दिसणारी पण ऐकू न येणारी हवी: ग्रंथालयाचा कोपरा, प्रयोगशाळेचं टोक. दार अर्धं उघडं ठेवा. स्टाफरूम अजिबात नको. खुर्च्या समोरासमोर न ठेवता तिरप्या ठेवा, म्हणजे मुलाला सतत नजरेला नजर द्यावी लागत नाही.

आठवड्याला दोन तास वेळापत्रकात छापून घ्या. ‘मोकळा तास मिळाला की बघू’ म्हटलं की तो तास बदलीच्या वर्गाला जातो. हिशेब असा: ४० मिनिटांच्या तासात नीट बोलणं दोनच मुलांशी होतं. आठवड्याला चार. नववी-दहावीचा पट १२० असेल तर एका फेरीला ३० आठवडे, म्हणजे जवळजवळ पूर्ण वर्ष. हजेरीपटाच्या क्रमाने बोलावलं तर ज्याला सगळ्यात आधी गाठायला हवं, तो फेब्रुवारीत येईल आणि तोवर शाळेत नसेल.

म्हणून जूनमध्येच वीस-पंचवीस नावं वेगळी काढा. खुणा साध्या असतात. मागच्या वर्षी दिवाळी ते होळी या काळात गैरहजेरी, आठवीत गणित-इंग्रजीत काठावर पास, आई-वडील कोयत्यावर (ऊसतोडीला), मूल आजीजवळ, थोरल्या बहिणीचं लग्न अठराच्या आत झालेलं. यातल्या दोन जुळल्या की नाव यादीत घ्या. ही यादी वर्गात वाचायची नाही, फळ्यावर लावायची नाही.

वह्या दोन ठेवा. पहिली शिक्षण-नियोजनाची, वर्गशिक्षकांनाही दिसणारी. दुसरी कुलपातली, तिच्यात नाव नको, फक्त तारीख, पट क्रमांक, काय ठरलं आणि पुढची भेट कधी. घरातलं भांडण तपशिलाने लिहून ठेवलं की ती वही कधीतरी चुकीच्या हातात पडतेच.

पहिलं बोलणं

‘तुला काय व्हायचंय?’ असं विचारू नका. उत्तर पाठ असतं: पोलीस, डॉक्टर, कलेक्टर. त्याऐवजी विचारा, मागच्या रविवारी सकाळपासून काय केलंस? घरात कोण काय कामाला जातं? गावातल्या कोणाचं काम बघायला आवडतं? मोटार रिवाइंड करणाऱ्याकडे तासन्‌तास बसणारा मुलगा इथेच सापडतो. प्रश्न विचारल्यावर गप्प राहता आलं पाहिजे. शिक्षकाला तेच जड जातं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाका: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण तीन गोष्टी मला एकट्याने ठेवता येणार नाहीत. तुला कोणी इजा करत असेल, तू स्वतःला इजा करायचं म्हणत असशील, किंवा तुझं लग्न ठरवलं असेल. ‘कोणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊन नंतर मोडला, तर सगळा वर्ग तुमच्याकडे यायचा थांबतो.

कोयत्याचं घर

बीड, जालना, धाराशिव, परभणीच्या बऱ्याच गावांत दसरा-दिवाळीनंतर वस्ती-तांडा रिकामा होतो. लोक परततात मार्च-एप्रिलला. पण मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल त्याच्या कितीतरी आधी घेतलेली असते, म्हणून पालकांची भेट ऑगस्टमध्येच घ्या. ऑक्टोबरात बोलून मूल थांबत नाही.

‘पोरीची शाळा का बुडवता?’ म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. विचारा: ‘ती इथे राहिली तर रात्री कोणाजवळ झोपेल?’ अडचण तीच असते. आजी असेल तर आजीला ऐकू-दिसतं का, शेजार कसा आहे, घरात आणखी कोण येतं-जातं, हे शिक्षिकेने स्वतः जाऊन बघावं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेची हंगामी वसतिगृहं प्रामुख्याने आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. त्यांचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने हंगामाआधीच द्यावा लागतो. नववी-दहावीसाठी समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं पाहा. प्रवेश जून-जुलैत होतात, त्यामुळे पालक निघायच्या वेळी जागा शोधणं व्यर्थ.

मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड हातात द्या, कारखान्याचं नाव-गाव लिहून घ्या आणि परत यायची तारीख ठरवा. दहावीच्या मुलासाठी ती तारीख तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीची हवी. लेखी परीक्षेपुरतं आलं तर अंतर्गत गुण हातचे जातात. ही चूक दरवर्षी होते.

कागद

समुपदेशनात कागदांचं काय काम, असं वाटेल. पण हुशार मूल अडतं ते बहुधा इथेच. बोर्डाचा अर्ज भरण्याआधी आधार कार्ड, शाळेचा निर्गम उतारा आणि जन्मदाखला शेजारी ठेवून नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर जुळवा. शाळेच्या नोंदीत दुरुस्ती आत्ता होते. गुणपत्रिका छापल्यावर बोर्डाच्या चकरा. जातीचा दाखला आणि अधिवास हे डिसेंबर-जानेवारीत सेतू केंद्रावर टाका, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर मात्र एप्रिल लागताच (आधी काढलेल्याची मुदत ३१ मार्चला संपू शकते), कारण निकालानंतर तिथे रांग असते. जात पडताळणीला महिने लागतात. विज्ञान शाखेला जाणाऱ्याने अकरावीतच अर्ज करावा.

आठवीच्या मुलांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. शाळा सोडू पाहणाऱ्या घरात हा आकडा कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त बोलतो.

‘लातूरला टाकू’

लातूर पॅटर्नचं, म्हणजे तिथल्या कॉलेज-क्लासमधल्या कसून तयारीचं, नाव मोठं आहे आणि ते कष्टाने कमावलेलं आहे. पण प्रत्येक ७५ टक्केवाल्याला तिकडे पाठवणं म्हणजे समुपदेशन नव्हे. पालकांना कागद-पेन घेऊन बसवा: क्लासची फी, खोली, मेस, पुस्तकं, गावी येणं-जाणं, गुणिले दोन वर्षं. मग विचारा, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पहिल्या वेळी जमलं नाही तर तिसऱ्या वर्षाचे पैसे कुठून येतील? जमीन विकून की सावकाराकडून, हे आधीच माहीत असलेलं बरं. मुलालाही हे ऐकू द्या. लपवलेलं कर्ज बारावीच्या फेब्रुवारीत कळतं तेव्हा फार जड होतं.

प्रत्येक मुलाच्या पानावर तीन वाटा लिहा: पहिली, दुसरी आणि ‘नापास झालो तर’. तिसरी वाट मोकळेपणाने लिहिली की परीक्षेची निम्मी धास्ती जाते. दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर) अकरावी मिळते आणि फेरपरीक्षाही असते, हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं.

दुसऱ्या वाटेसाठी जवळचं काही तरी दाखवा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगची (कारखान्यातले साचे-हत्यारं बनवण्याची) पदविका आहे. त्याच शहरात सिपेट ही प्लास्टिक तंत्रज्ञानाची संस्थाही आहे. सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणणाऱ्या मुलाने त्याच शहरातल्या एसपीआयची (सैन्यातल्या अधिकारीपदाची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थेची) प्रवेश परीक्षा दहावीत असतानाच पाहावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाअंतर्गत कृषी पदविका आहे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे आयटीआय ही वाट बंद गल्ली नाही. एक दिवस काढून पोरांना वाळूज औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना किंवा तालुक्याचा आयटीआय आतून दाखवा. दहा भाषणांचं काम होतं.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाले. पसंतिक्रम नेट कॅफेवाल्यावर सोडू नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. ४० किलोमीटरवरचं, एसटी नसलेलं कॉलेज पहिलं टाकून फसलेली मुलं पुष्कळ.

लग्नसराई

मुलीने ‘पाहुणे येऊन गेले’ म्हटलं की त्याच दिवशी हालचाल करा. एकट्याने तिच्या घरी जाऊन वाद घालू नका. लग्न फक्त दुसऱ्या गावी हलतं. मुख्याध्यापकांना सांगा, १०९८ या बालकांच्या हेल्पलाईनला कळवा. गावपातळीवर ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. कोणी सांगितलं, हे मात्र कधीच फोडायचं नाही.

कायद्याच्या आधी खर्चाचं बोलता आलं तर बाप ऐकतो. बारावीपर्यंत मुलीला एसटीचा पास मोफत आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

जिवाचा प्रश्न

मूल अचानक गप्प झालं, वस्तू वाटून टाकू लागलं, ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास’ म्हणू लागलं, तर सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी ओळखलं म्हणून मूल बोलतं. ‘हो’ म्हणालं तर एकटं सोडू नका, पालकांना त्याच दिवशी बोलवा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ वर त्याच्यासमोर फोन लावा. घरच्यांना एक काम नक्की सांगा: फवारणीचं औषध घरातून आणि शेतातल्या आखाड्यावरून हलवून कुलपात ठेवा. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. खात्री करायला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका.

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या मुलाला स्टेजवर बोलावून वह्या वाटणं बंद करा. मदत गुपचूप पोचवता येते.

मे महिन्यात शिक्षण-नियोजनाची पहिली वही पुन्हा उघडा आणि गेल्या वर्षीच्या प्रत्येक नावापुढे लिहा: कुठे प्रवेश, कुठे काम, की पत्ता नाही. यासाठी दहावी सोडतानाच दोन नंबर घ्या, एक घरचा आणि एक मामाचा किंवा किराणा दुकानाचा. बापाचा नंबर दर हंगामाला बदलतो.