पावसाळी मॅरेथॉनमध्ये ॲक्शन कॅमेरा कसा वापरावा

ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन भर पावसाळ्यात होते, आणि नवा ॲक्शन कॅमेरा, म्हणजे अंगावर लावून चित्रण करता येणारा छोटा, दणकट कॅमेरा, पारखून घ्यायचा असेल तर याहून कडक परीक्षा शोधूनही सापडणार नाही. सकाळचा अंधुक उजेड, दमट हवा, केव्हाही कोसळणारी सर, गर्दी आणि सतत हादरणारे शरीर हे सारे एकाच वेळी वाट्याला येते. आजची बरीच मॉडेल वेगळ्या कवचाशिवाय १० मीटर खोल पाण्यात चालतात, त्यामुळे पावसाने कॅमेरा बंद पडेल ही भीती फारशी खरी नाही. चित्रण वाया जाते ते बहुधा काच धूसर झाल्यामुळे, म्हणून तयारीत सर्वाधिक लक्ष काचेकडे द्यावे.

रात्रभर एसीच्या गारव्यात राहिलेला कॅमेरा सकाळी बाहेरच्या दमट हवेत आणला की गार काचेवर लगेच वाफ धरते. ही बाहेरची वाफ काही मिनिटांत उडून जाते. आतली वाफ मात्र हटत नाही: पावसात बॅटरीचे झाकण उघडले असेल तर दमट हवा आत कोंडते, चित्रण सुरू होऊन कॅमेरा तापला की तिच्यातला ओलावा पावसाने गार झालेल्या काचेच्या आतल्या बाजूला जमतो, आणि तिथपर्यंत कोणतेही फडके पोहोचत नाही. यासाठी आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, रिकामे केलेले मेमरी कार्ड घालावे, झाकणाच्या रबरी कडेवर केस किंवा मातीचा कण अडकलेला नाही हे बोटाने चाचपून पाहावे आणि एसी चालू असलेल्या, म्हणजे तुलनेने कोरड्या, खोलीत झाकण बंद करून कॅमेरा रात्रभर एसी नसलेल्या बाहेरच्या खोलीत ठेवावा. त्यानंतर शर्यत संपवून घरी येईपर्यंत ते झाकण उघडू नये.

काचेवरचा एक थेंबसुद्धा चित्रात मोठा पांढुरका डाग होऊन बसतो. तो अंगठ्याने पुसण्याचा मोह टाळावा, कारण त्वचेचा तेलकटपणा काचेला लागला की पुढचे पाणी तिच्यावर बारीक थेंबांच्या रूपात अधिकच चिकटून राहते. मायक्रोफायबरचे लहान फडके झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून खिशात ठेवावे आणि प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी काच एकदा टिपून घ्यावी.

सेटिंग घरीच ठरवून टाकावीत, कारण ओल्या बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने कॅमेऱ्यातील अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवावा आणि सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम निवडाव्यात. नाहीतर रस्त्यावरच्या काही दिव्यांखाली चित्र लुकलुकते. स्थिरीकरण, म्हणजे स्टॅबिलायझेशन, चालू असावेच, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नये. ते प्रत्येक फ्रेमच्या कडा थोड्या कापून हादरा लपवते. उजेड कमी असताना शटर जास्त वेळ उघडे राहून फ्रेमच पुसट आली, तर ती पुसटता त्याला काढता येत नाही. शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर तो एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवावा आणि चित्रात थोडे दाणे आले तरी चालवून घ्यावेत.

१०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने फोरके चित्रण तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेते, म्हणून कार्ड व्ही३० दर्जाचे, म्हणजे सेकंदाला निदान ३० मेगाबाइट नोंदवू शकणारे, आणि निदान ६४ जीबीचे असावे. खरी मर्यादा बॅटरीची असते. मुख्य शर्यत २१ किलोमीटरची आहे आणि हौशी धावपटूला तिला दोन तासांहून अधिक वेळ सहज लागतो. तेवढा वेळ सलग चित्रण करणे एका बॅटरीला बहुधा झेपत नाही, आणि खरे सांगायचे तर तेवढे कोणी पाहतही नाही. बंद कॅमेरा एका दाबात सुरू होऊन थेट चित्रण करील अशी सोय चालू ठेवावी, वायफाय आणि मागचा पडदा बंद ठेवावा आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे घ्यावेत. आवाजी आज्ञेच्या भरवशावर राहू नये; ढोल-ताशाशेजारी कॅमेऱ्याला काहीही ऐकू येत नाही.

कॅमेरा लावण्यासाठी छातीचा पट्टा सर्वांत सोयीचा, मात्र त्याखाली बिब, म्हणजे धावपटूच्या क्रमांकाचा कागद, झाकला जातो, आणि बऱ्याच शर्यतींत वेळ मोजणारी चिप बिबलाच चिकटवलेली असते. बिब पोटावर, पट्ट्याच्या खाली, टाचून घ्यावा. धावताना शरीर पुढे झुकते, त्यामुळे आरशासमोर सरळ वाटणारा कॅमेरा रस्त्यावर फक्त डांबर टिपतो; तो थोडा वर कलता ठेवावा. पट्टा सैल असेल तर प्रत्येक पावलागणिक चित्र उसळते. कॅमेरा लावलेली काठी (सेल्फी स्टिक) हातात धरून धावणे सुरुवातीच्या गर्दीत इतरांना धोक्याचे आहे आणि ते टाळलेलेच बरे. कॅमेऱ्यासंबंधी आयोजकांचे काही नियम असल्यास तेही आधी वाचावेत.

धावायचे नसून घरच्या कोणाचे चित्रण करायचे असेल, तर लक्षात ठेवावे की इतक्या रुंद दृश्यात १० मीटरवरचा माणूस अगदी चिमुकला दिसतो. वळणावर, धावपटू हातभर अंतरावरून जातील अशा जागी, मार्गाच्या बाहेर उभे राहून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरावा. समोर पाण्याचे डबके असेल तर सेकंदाला १०० फ्रेम घ्याव्यात. २५ च्या गतीने दाखवल्यावर उडणारे पाणी चौपट संथ दिसते.

या सगळ्याची रंगीत तालीम आधीच्या रविवारी उपवन तलावाच्या काठी, शक्यतो पाऊस पडत असताना, धावण्याच्या नेहमीच्या कपड्यांत करावी आणि घरी येऊन चित्रण मोठ्या पडद्यावर पाहावे, कारण कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्या पडद्यावर पुसट चित्रही स्वच्छ भासते. शर्यतीनंतर चिखल साध्या पाण्याने धुवावा, कॅमेरा बाहेरून पूर्ण पुसून मगच झाकण उघडावे आणि पंख्याखाली तो नीट वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.